शब्दांचं पुस्तक आणि माबेलेचा खोकला

लुंगिसा सोमटुन्झीला खरं तर एकच कागद लिहायचा होता. एक पाठपोट कागद, त्यावर वीसेक शब्द, प्रत्येकापुढे अर्थ आणि खाली 'तुझा आजोबा' अशी सही. तो पाकिटात घालून स्कॉटलंडला पाठवायचा, तिकीट सरळ लावायचं आणि अंगणात खुर्ची टाकून बसायचं, एवढाच बेत. दक्षिण आफ्रिकेतल्या म्कांडुलीच्या पोस्टात चौतीस वर्षं दुसऱ्यांची पाकिटं हाताळलेल्या माणसाला एक पाकीट जड जायला नको होतं. पण चांगल्या माणसाचे साधे बेत असे तडीला जात नाहीत. त्यांना आधी शेजारी लागतात.

कारण असं झालं, की डिसेंबरात नात येणार होती. ओलोना, वय एकोणीस, जन्म स्कॉटलंडचा, आई तिकडची. तिची इम्बेलेको राहून गेली होती. मूल घराण्याच्या पूर्वजांना दाखवायचं, बकरा कापायचा, त्यातला पहिला तुकडा मुलाला भरवायचा, हे काम खरं तर मूल रांगायच्या आत उरकायचं असतं. पण लुंगिसाचा मुलगा वुयानी दर वर्षी पुढच्या वर्षावर ढकलत गेला. एका वर्षी नोकरी, एका वर्षी बर्फ, आणि असं करता करता पोरगी आजीपेक्षा वीतभर उंच झाली. आता मात्र दिवस ठरला होता, बकरा ठरला होता, आणि लुंगिसाच्या मोठ्या बहिणीचा, नोझिफोचा फोनही येऊन गेला होता.

"बकरा ओरडेल रे," नोझिफो म्हणाली. "बकऱ्याला आपली खोसा भाषा येते. पोरीचं काय?"

"शिकेल ती."

"कधी? विमानात? सगळं घराणं जमणार, लुंगिसा. कुणी तिला 'कशी आहेस' विचारलं आणि ती भिंतीकडे बघत बसली, तर मी कुठे तोंड लपवू? स्वतःच्या घरी पाहुणी म्हणून बसायची असेल, तर बोलवायचीच कशाला?"

हे लुंगिसाला लागलं. नोझिफोचं बोलणं आयुष्यभर लागतच आलं होतं, पण या वेळी त्यात खोट काढता येईना. पूर्वजांना भाषा येते, बकऱ्याला येते, आणि ज्या मुलीसाठी सगळं चाललंय ती मधोमध मुकी बसणार. तिला कुणी हसेल याची त्याला भीती नव्हती. कुणी हसणार नाही, सगळे नुसते अदबीने वागतील, परक्याशी वागतात तसे, याची होती. म्हणून तो कागद.

पहिला घाला माराडेबेने घातला. ती पलीकडच्या घरात राहायची, सकाळी तळलेल्या पिठाचे गोळे, म्हणजे अमाग्विन्या विकायची आणि दुपारी सल्ले फुकट वाटायची. कुंपणावरून तिने कागद वाचला.

"उमन्कुशो म्हणजे 'मका आणि घेवडा एकत्र शिजवून केलेलं जेवण'? एवढंच?"

"मग काय पाहिजे?"

"मका कांडलेला, की अख्खा? घेवडा आदल्या रात्री भिजवलेला, की नाही? पोरीने तिकडे जाऊन डबा उघडून एकत्र केलं आणि त्याला हे नाव दिलं, तर पाप कुणाच्या डोक्यावर?"

लुंगिसाने पाप नको म्हणून दोन ओळी वाढवल्या. संध्याकाळी तीच माराडेबे परत आली आणि म्हणाली, की बटाटा घालणाऱ्या बायकांचाही उल्लेख हवा, निषेध म्हणून. त्या उमन्कुशोने एक अख्खं पान घेतलं.

दुसरा ताता साखीवो; 'ताता' ही वडीलधाऱ्याला मारायची हाक. एकतीस वर्षं म्कांडुली ते म्थाथा प्रवासी टॅक्सी चालवून निवृत्त झालेला. त्याचं म्हणणं, पुस्तकी शब्दांनी काही होत नाही, पोरीला रस्त्यावरची बोली यायला हवी. "एकटा 'हायिबो' घे," तो म्हणाला. "तू लिहिलंयस, 'आश्चर्यदर्शक उद्गार'. अरे, आश्चर्याला कोण वापरतं? कुणी रांगेत घुसला की हायिबो. भाव ऐकला की हायिबो. नवऱ्याने भांडी घासली की हायिबो. आणि कुणी मेल्याचं कळलं की तोच, पण हळू." त्याने अशा सात तऱ्हा उभं राहून करून दाखवल्या. सातवी, मेल्याची, इतकी हुबेहूब झाली, की कोण गेलं ते विचारायला माराडेबे कुंपण ओलांडून आली.

अशा रीतीने विसाचे चाळीस झाले, चाळिसाचे सत्तर. सूनबाईला म्हणायचा 'माकोती' आला, गल्लीतल्या दुकानाचा 'स्पाझा' आला, आंबट दुधात मक्याचा शिजवलेला चुरा कालवून खायचा 'उमवूबो' आला. जिभेने टाळूवर टाळी वाजवावी तसे आमचे जे आवाज आहेत, त्यांच्यासाठी लुंगिसाने स्वतंत्र प्रकरण काढलं. शेवटी एकशे एकावर तो थांबला, कारण शंभर म्हटलं की हिशेब वाटतो आणि एकशे एक म्हटलं की ग्रंथ वाटतो. आता ते पाकिटात मावेना, तेव्हा पुस्तक छापायचं ठरलं. नाव: 'रोजचे एकशे एक खोसा शब्द, अर्थासह'. खाली लेखकाचं नाव, त्याहून मोठ्या अक्षरात.

अडचण एकच होती. लुंगिसाला दिसत नव्हतं. म्हणजे दिसत होतं, पण जवळचं नाही. चष्मा होता, तो लावला की म्हातारं दिसतं म्हणून तो खोक्यात असायचा आणि खोकं कुठे आहे ते फक्त माबेलेला माहीत असायचं. माबेले म्हणजे त्याची बायको. तिचं माहेरचं कूळ बेले, म्हणून सगळं गाव तिला माबेले म्हणायचं, आणि ती नवऱ्याला त्याच्या कुळाच्या नावाने, ज्वारा म्हणायची. इस्पितळात तीस वर्षं परिचारिका होती. डॉक्टरांची अक्षरं वाचून वाचून तिचं स्वतःचं अक्षर मोत्यासारखं झालं होतं. तेव्हा त्याने सांगायचं आणि तिने लिहायचं, असं ठरलं.

रोज सकाळी व्हरांड्यात तो हात मागे बांधून फेऱ्या घालायचा आणि सांगायचा. ती लिहून घ्यायची. सत्तेचाळिसावा शब्द आला 'ह्लोनिफा'. लुंगिसाने घसा साफ केला.

"लिही. ह्लोनिफा: सुनेने सासऱ्याचं नाव, तसंच त्या नावाचा आवाज ज्यात येतो असा कुठलाही शब्द, तोंडातून न काढण्याची जुनी रीत. पूर्वी बायका अशा शब्दांना वळसा घालून बोलत. सुशिक्षित घरांतून ही रीत आता नाहीशी झाली आहे. लिहिलंस?"

"लिहिलं," माबेले म्हणाली.

"'नाहीशी'च्या खाली रेघ मार."

तिने रेघ मारली.

चौसष्टावा शब्द सांगताना तिला खोकला आला. त्यात नवीन काही नव्हतं. माबेलेचा खोकला घरातल्या घड्याळासारखा जुना होता. बारीक, कोरडा, एकदाच यायचा. चर्चमध्ये हमखास यायचा, सगळे गात असताना ती मध्येच खोकायची. लुंगिसा दर महिन्याला तिला औषधाची बाटली आणून द्यायचा. ती बाटली दोन्ही हातांची ओंजळ करून घ्यायची, खाली बघायची, आणि खोकायची. बस्स. एवढ्या वर्षांत एक 'आभारी आहे' नाही. पाहुण्यांना, पाद्रीबाबांना ती चर्चमधला लांबलचक शब्द वापरून आभार मानायची, पण घरच्या माणसाला जो छोटासा साधा शब्द म्हणतात, तो कधी नाही. लुंगिसाने हे दुःख फक्त ताता साखीवोला सांगितलं होतं. "परिचारिका होती ना," साखीवो म्हणाला होता. "त्यांना औषध द्यायची सवय, घ्यायची नाही."

"लिहिलंस?" लुंगिसाने विचारलं.

"जागा सोडलीये, ज्वारा. तेवढं तुम्ही तुमच्या हाताने लिहा."

लुंगिसाला वाटलं, सहीबद्दल बोलतेय. लेखकाची सही लेखकानेच करायची हे बायकोला कळलं, याचं त्याला बरं वाटलं. तेवढ्यात माराडेबे बटाट्याच्या निषेधातला एक शब्द बदलायला आली आणि तो विषय तिथेच राहिला.

छपाईची वेळ आली. तालुक्याच्या संस्कृती कचेरीत स्थानिक लेखकांची पुस्तकं फुकट छापून देण्याची एक योजना होती. लुंगिसा टाय लावून गेला. खिडकीतल्या बाईने विचारलं, "तुम्ही इथले रहिवासी आहात याचा दाखला?"

"बाई, तुमच्या घरची पत्रं मी चौतीस वर्षं वाटली."

"म्हणजे माझा पत्ता तुम्हाला माहीत आहे. तुमचा मला कुठेय?"

दाखला गावच्या मुखियाकडून आणायचा होता. मुखिया म्हणाला, देतो, पण ओळखपत्राची पोलिसांनी शिक्का मारलेली प्रत आण. आणि जाता जाता म्हणाला, की पुस्तकात 'मुखिया' हा शब्द कितवा आहे? नाहीच म्हटल्यावर त्याचं शाईचं पॅड वाळलेलं निघालं. ते दोन दिवसांनी, एकोणनव्वदाव्या शब्दाची जागा मुखियाला मिळाल्यावर ओलं झालं.

पोलिस चौकीत एक तरुण शिपाई होता. प्रतीवर शिक्का मारणं हे दोन मिनिटांचं काम. पण बरोबर लिखाण स्वतःचंच असल्याचं शपथपत्रही होतं, आणि शिपायाचं म्हणणं, जे वाचलं नाही त्यावर मी शपथ कशी घेऊ देऊ? तो वाचायला बसला. मागे रांग वाढत गेली. उमन्कुशोच्या पानावर तो थांबून म्हणाला, "माझी आई बटाटा घालते." लुंगिसाने छताकडे पाहिलं. पोलिसाच्या आईचा निषेध लेखी स्वरूपात हातात असताना माणूस दुसरं काय करणार? शिपायाने सगळं वाचलं, बोट लावून मोजलं आणि मान वर केली.

"हे शंभरच आहेत."

"एकशे एक."

"शंभर, ताता. इथे मध्ये एक जागा रिकामी आहे."

"ती सहीची आहे."

"मध्येच? त्रेसष्ट आणि पासष्टच्या?"

"हे बघ बाळा," लुंगिसा म्हणाला, कारण मागची रांग ऐकत होती, "चोर पकडायचे तुम्ही, शब्द पकडायचे आम्ही. तू शिक्का मार."

शिपायाने खांदे उडवून शिक्का मारला. त्या रिकाम्या जागेकडे त्या दिवशी एकट्या पोलिसखात्याने लक्ष दिलं होतं, हे इथे नमूद करायला हवं.

छापखान्यात मग वीज जायला लागली. दोन तास असायची, चार तास नसायची, आणि असायची तेव्हा छापणारा जेवायला गेलेला असायचा. त्याने घाईत ती मोकळी जागा बंद करून टाकली, आकडे पुन्हा एकामागून एक लावून घेतले आणि दोनशे प्रती बांधून दिल्या. लुंगिसाने एक प्रत हातभर लांब धरून मुखपृष्ठ वाचलं. ते हातभर लांबूनही वाचता येत होतं. आत पाहायची त्याला गरज वाटली नाही. आतलं त्याला पाठ होतं.

ओलोना कार्यक्रमाच्या दोन आठवडे आधीच आली. वुयानी शेवटच्या दोन दिवसांत येणार होता. पोरगी उंच, हसरी, आणि कुतूहल इतकं की कोंबड्यांचीही नावं विचारायची. पुस्तक तिने उशाशी ठेवलं, रोज दहा शब्द. पण दिवसभर असायची ती आजीच्या मागे. माबेले पीठ मळायची, ही मळायची. माबेले दाराशी वाकायची, ही वाकायची. ओलोनाचा हायिबो आठवड्याभरात इतका चोख झाला, की साखीवोने तिला टॅक्सी चालवायचा परवाना तोंडी देऊन टाकला. "बघू आता नोझिफो काय म्हणते ते," लुंगिसा मनाशी म्हणाला. त्याची छाती कार्यक्रमापर्यंत खाली आली नाही.

तो दिवस उजाडला. घराण्यातली पन्नासएक माणसं जमली. बकऱ्याने कुणाचीही वाट न पाहता अशी काही आरोळी ठोकली, की गोठ्यातले पुरुष एका सुरात "चामागू!" म्हणाले. पूर्वजांनी ऐकलं होतं. मग सगळे गोल घरात येऊन बसले, उजवीकडे पुरुष, डावीकडे बायका, मध्ये चटईवर ओलोना. नोझिफो अगदी पुढे, काठी आडवी धरून. लुंगिसाचे थोरले चुलते, वय नव्वदीला आलेलं आणि कान कामातून गेलेले, हळूहळू उठले. त्यांनी भाजलेल्या मांसाचा पहिला तुकडा, बिनमिठाचा, नातीपुढे धरला.

ओलोनाने दोन्ही हातांची ओंजळ केली. तुकडा घेतला. खाली पाहिलं. आणि खोकली.

सगळे थांबले. चुलत्यांना वाटलं, ठसका लागला. त्यांनी तिच्या पाठीत हलकेच थाप मारली. एका बाईने पाणी पुढे केलं. ओलोनाने ओंजळीत पाणी घेतलं, खाली पाहिलं, आणि पुन्हा खोकली.

"मांस कच्चं राहिलं की काय?" मागून कुणी तरी विचारलं.

नोझिफो पुढे झाली. तिने आणलेलं जाड लोकरीचं पांघरूण पोरीच्या खांद्यावर घातलं आणि काठी टेकून उत्तराची वाट बघत उभी राहिली. ओलोनाने वर पाहिलं, मनापासून हसली, ओंजळ केली, नजर खाली घातली, आणि आधीच्या दोन्हींपेक्षा सुंदर खोकली.

"लुंगिसा," नोझिफो म्हणाली, "तुझ्या नातीला क्षय आहे, की तू तिला काही शिकवलंच नाहीस?"

पुरुषांकडून हशा आला. दाबलेला, अदबीचा. लुंगिसाला जिची भीती होती तीच अदब. वुयानी जागेवरून उठू लागला, पण लुंगिसाने त्याला हाताने थांबवलं. ही लढाई ग्रंथकर्त्याची होती. त्याने कोटातून पुस्तक काढलं.

"सगळं दिलंय!" तो म्हणाला. "पान छत्तीस, शब्द चौसष्ट! वाच, वुयानी, मोठ्याने वाच."

वुयानीने पान काढलं. "शब्द चौसष्ट: एन्तोंगा. चालायची काठी."

"त्याच्या आधीचा!"

"त्रेसष्ट: एन्तला. वर, माथ्याकडे."

"मधला!"

"मधला नाहीये, बाबा."

लुंगिसाने पुस्तक हिसकावलं, हातभर लांब धरलं, मग छातीशी धरलं. चष्मा खोक्यात होता. साखीवोने आपला चष्मा दिला. नव्हता. रोजचे एकशे एक शब्द, अर्थासह, त्यात भाव ऐकल्यावरचा हायिबो होता, मुखिया होता, बटाट्याचा निषेध होता, आणि 'आभारी आहे' नव्हतं. जो शब्द माणूस दिवसातून वीसदा उच्चारतो, तो 'एन्कोसी' नव्हता. आता मात्र हसू अदबीचं राहिलं नाही. मुखिया तर डोळे पुसत होता.

"पण मला तो शब्द माहीत होता, ताता," ओलोना अडखळत, पुस्तकातल्या आणि बाहेरच्या शब्दांची मोळी बांधत म्हणाली. "बाबा म्हणतात तो घरी. पण पुस्तकात नव्हता. आणि माखुलू, माझी आजी, तो कधीच म्हणत नाही. चर्चमध्ये तो आला की ती खोकते. चहा दिला की ओंजळ करते आणि खोकते. मला वाटलं, इथे तो शब्द म्हणणं वाईट असतं. इथे असं करतात."

सगळ्यांच्या माना माबेलेकडे वळल्या. ती बायकांच्या रांगेत, भिंतीला टेकून, मांडीवरच्या हातांकडे बघत बसली होती.

नोझिफोच्या हातातली काठी खाली आली. आयुष्यात पहिल्यांदाच ती भावाशी हळू आवाजात बोलली.

"लुंगिसा, आपल्या बापाचं नाव काय होतं?"

"न्कोसीयाने. तुला माहीत नाही?"

"मला माहीत आहे. तू पुन्हा एकदा म्हण. आणि मग तुझ्या पुस्तकात कुठला शब्द नाही, तो म्हण."

लुंगिसाने दोन्ही म्हणून पाहिले. न्कोसीयाने. एन्कोसी. व्हरांड्यातली ती सकाळ त्याला आठवली: सुशिक्षित घरांतून ही रीत आता नाहीशी झाली आहे. 'नाहीशी'च्या खाली रेघ. ती रेघ तिने पट्टी लावून मारली होती.

"काय झालं?" थोरल्या चुलत्यांनी विचारलं.

"माबेले अजून तुमच्या भावाचं नाव तोंडी आणत नाही!" नोझिफो त्यांच्या कानात ओरडली. "त्या नावाचा शब्दसुद्धा नाही! एकेचाळीस वर्षं!"

"मग?" चुलते म्हणाले. "सून आहे ती. आणील कशी?" आणि ते मांस खायला बसले.

नोझिफोने आपल्या खांद्यावरची शाल काढली आणि माबेलेच्या खांद्यावर घातली. मग पोरीकडे वळली. "तू इकडे ये. खोकायचं ते तिने, ती सून आहे. तू या घरची लेक आहेस. पणजोबांचं नाव तू छपरावर चढून घेतलंस तरी चालतं. म्हण बघू."

ओलोनाने पांघरूण सावरलं, चटईवर उभी राहिली आणि अशी काही "एन्कोसी!" म्हणाली, की बकऱ्याची आठवण व्हावी. बायकांनी जीभ नाचवत आनंदाची किलकारी दिली, ती माराडेबेच्या चुलीपर्यंत ऐकू गेली. माराडेबे आधीच दारात उभी होती म्हणा.

दुसऱ्या दिवशी सकाळी लुंगिसाने चहा केला. साखर कुठे असते ते त्याला तीन डबे उघडल्यावर सापडलं. कप घेऊन तो व्हरांड्यात आला.

"बाप जाऊन सव्वीस वर्षं झाली, माबेले. कुणी तुला विचारलं नसतं."

"म्हणून तर," माबेले म्हणाली. "मी लग्न होऊन आले तेव्हा माझं शिक्षण अर्धं राहिलं होतं. तुम्ही पोस्टात, म्कांडुलीला यायच्या आधी, बदलीच्या गावी. सगळे म्हणाले, सून आता घरात बसेल. ते काहीच म्हणाले नाहीत. दर सोमवारी पहाटे माझी पेटी डोक्यावर घेऊन बसपर्यंत यायचे. अख्खं गाव हसायचं, म्हातारा सुनेचं सामान वाहतो म्हणून. दोन वर्षं. मला त्यांना एकदा तरी म्हणायचं होतं, ज्वारा. पण जो शब्द म्हणायचा, तोच तर त्यांचा. तोंडाने म्हणता येईना. मग ठरवलं, न म्हणून दाखवायचं. रोज. तो शब्द आला, की त्यांची आठवण काढायची आणि पुढे जायचं."

"आणि माझा? मला वाटायचं, तू मला कधी—"

"तुम्हाला रोज म्हणत आले," ती म्हणाली. "औषध कडू होतं तरी."

सहा खणांचं कपाट भरून बाटल्या त्याच्या डोळ्यांपुढून गेल्या. आपला बाप डोक्यावर पेटी घेऊन चाललाय, हे त्याने कधी पाहिलं नव्हतं. कुणी सांगितलंही नव्हतं. त्याचं जे काही बरं झालं होतं, बायकोची नोकरी, वुयानीचं शिक्षण, ही अंगणातली खुर्चीसुद्धा, ते सगळं त्या पेटीवर उभं होतं. त्याने कप पुढे केला.

"एन्कोसी, माबेले," तो म्हणाला. "त्याच्यासाठी. आणि माझ्यासाठी पण."

माबेलेने दोन्ही हातांची ओंजळ करून कप घेतला, खाली पाहिलं, आणि खोकली. आणि लुंगिसाला एकेचाळीस वर्षांत पहिल्यांदा ते ऐकू आलं.

पुढचे चार दिवस त्याने चष्मा लावून दोनशे प्रतींत तो शब्द हाताने लिहिला. ओलोना पानं उघडून धरायची. सत्तेचाळिसाव्या शब्दापुढचं 'नाहीशी झाली आहे' त्याने दोनशे वेळा खोडलं. शिपायाला एक प्रत नेऊन दिली आणि कबूल केलं, की ते शंभरच होते. शिपाई म्हणाला, "आईला दाखवू?" लुंगिसा म्हणाला, पान बावीस, बटाट्याचं, सोडून.

रविवारी सगळे चर्चमध्ये गेले. गाणं सुरू झालं, तो शब्द आला, आणि माबेले ठरल्याप्रमाणे खोकली. तिच्या शेजारी लुंगिसा होता. तो त्या घरचा मुलगा. तो शब्द मोठ्याने म्हणायचा त्याला पूर्ण हक्क होता. तोही खोकला.

मागच्या बाकावरून माराडेबे पुढे वाकली आणि दोघांच्याही पुढे आल्याची एकेक गोळी धरत कुजबुजली, "मी म्हटलं नव्हतं, हा खोकला घरभर पसरणार म्हणून?"

दोघांनी ओंजळी करून गोळ्या घेतल्या.